नावाच्या पट्टीचं माप

चंद्रभागा वाठोरेचं कुणाशी फार दिवस पटलं नाही आणि त्याची तिला कधी खंतही वाटली नाही. आदिलाबादच्या एका कापूस जिनिंग सोसायटीत ती १९८२ साली टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा वीस वर्षांची होती. जवळच्या मावला गावाहून सायकलवर यायची. घट्ट वेणी, मोकळं कपाळ, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आपलं उत्तर तयार असल्यासारखा चेहरा. पहिल्याच आठवड्यात शिपायानं तिचा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपातून आणला. चहा तिनं पिऊन टाकला. मग कप खिडकीबाहेर भिरकावला आणि शिपायाला सांगितलं की कप फुटला, उद्यापासून बाकीच्यांतलाच आण. कप फुटला नव्हता. खाली सरकीचा ढीग होता, त्यावर तो मऊ पडला होता आणि साऱ्या कचेरीला दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून तिला सगळ्यांसारखा कप मिळू लागला, आणि तिच्या शेजारी बसून चहा पिणारं मात्र कोणी उरलं नाही.

तिचे वडील दौलत वाठोरे मावल्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांचा जन्म पैनगंगेकाठच्या एका गावातला, सालगड्याच्या घरातला. दौलत मास्तरांच्या वडिलांचं नाव चंपत, पण गावात त्यांना चंपत म्हणून कोणी हाक मारली नाही. गावाबाहेर ज्या वाटेनं मेलेली जनावरं ओढत नेत, त्या वाटेला लागून त्यांची झोपडी होती. म्हणून गाव त्यांना ढोरवाट्या म्हणायचं. शाळेत घालताना मुलाच्या नावापुढंही तेच लागलं. मोठं झाल्यावर दौलत मास्तरांनी तहसिलीत दरख्वास्त दिली, चपला झिजवल्या आणि तो शब्द काढून टाकला. मुलीला अक्षर ओळख करून देताना त्यांनी आधी तिचं पूर्ण नाव गिरवून घेतलं.

"माणसाचं नाव तीन शब्दांचं," ते सांगायचे. "आपलं, बापाचं अन् घराण्याचं. चवथा शब्द गाव लावते, अन् गाव तो आपल्या भल्यासाठी लावत नसते."

हे चंद्रभागेनं इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते कुणी शिकवलंय असं वाटेनासं झालं होतं.

सोसायटीत १९८७ साली पहिला कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली मिळाली, खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं. चंद्रभागा त्या पूजेला उभी राहिली नाही. कोणी बोलावलंही नव्हतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळफलकाच्या फटीतलं कुंकू टाचणीनं काढत बसायचं काम तिच्याकडंच आलं, आणि त्या निमित्तानं ते यंत्र तिच्या हाती लागलं. इंग्रजी पुस्तकं तिनं डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचली. दोन वर्षांत मापाडीखान्याचा हिशेब ती स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर करू लागली. तरी तिची नोकरी हंगामीच राहिली. कायम जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याला गेली. सेक्रेटरी पांडुरंगराव दर वेळी म्हणायचे की पुढच्या खेपेला बघू. ते हे इतकं सहज म्हणायचे, की त्यांना आधीचं काही आठवत नसावं असं वाटावं.

१९९४ साली महिपत आला. नांदेडहून डिप्लोमा केलेला, उंच, गोरटा, बोलका. तोही हंगामीच. त्याचं गाव पैनगंगेकाठचं, आणि नेमकं तेच, जिथून चंपत वाठोरेंचं बिऱ्हाड उठलं होतं. महिपतच्या घरी कापसाची आणि ज्वारीची मोठी शेती. आल्यावर महिन्याभरात तो तिच्या टेबलाशी येऊन हसत म्हणाला, "बाई, तुमची आजी आमच्या वावरात निंदायले असायची, असं माय सांगत होती."

ओळख दाखवायला म्हणाला की जागा दाखवायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. चंद्रभागेनं मान वर न करता सांगितलं, "मजुरी हातावर वरून टाकत होते का, तेबी इचारून या मायले."

त्या दिवशी दोघांत जे पडलं ते कधी भरून आलं नाही. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून ते बसत. एकमेकांना काही सांगायचं झालं तर कुसुमबाईला सांगत. कुसुमबाई डेटा एंट्रीला होत्या, पन्नाशीच्या, पायांनी थकलेल्या आणि जिभेनं नाही. त्या म्हणायच्या की या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत आणि तिसरी मी, ह्याचं त्याला अन् त्याचं ह्याला पोचवणारी तार.

१९९७च्या अखेरीला सोसायटीनं नवी यंत्रं घेतली, खिडक्यांची आणि माउसची. जुने प्रोग्राम सगळे नव्यानं लिहायचे होते. पांडुरंगरावांनी काम वाटून दिलं. पडद्यावरचे फॉर्म महिपतनं मांडायचे, आणि त्या फॉर्मवर जे सुटे भाग ठेवायचे ते चंद्रभागेनं कोडात बनवायचे. मग दोघांनाही समोर बसवून ते म्हणाले की कायम जागा एकच मंजूर होणार आहे. "दिवाळीनंतर मोसम सुरू होते. पहिला दिवस बघू. ज्याचं काम उभं राह्यलं, त्याचं नाव वर पाठवतो."

चंद्रभागा तेव्हा पस्तीसची झाली होती. तिच्यापुढं चौथी संधी येणार नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नव्या यंत्रांसोबत नव्या पोरांचे अर्ज यायला लागले होते.

तिनं बनवलेल्या भागांत सगळ्यांत महत्त्वाची होती नावाची पट्टी. कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचं नाव तिच्यात दिसायचं. गाडी फाटकाशी थांबली की पट्टी पिवळी, वजन झालं की हिरवी, सरकीघरातून सुटली की पांढरी. तयार मिळणाऱ्या चौकटींत हे होत नव्हतं, म्हणून तिनं ती आपल्या हातानं घडवली. एकदा बनवली की फाटकावर, काट्यावर, सरकीघरात, कुठल्याही फॉर्मवर उचलून ठेवता येणार होती. अशा घडवलेल्या भागाला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते. फॉर्म मांडणाऱ्यानं काही माप दिलं नाही, तर तो किती लांब आणि किती उंच उमटावा, हे त्याच्या कोडातच लिहायचं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात. कुणी काही बोललं नाही तर हे, असं ते माप.

पहिल्या खेपेला चंद्रभागा ते लिहायला विसरली. रंग, अक्षरं, वजनाची जोडणी, सगळं तिनं चोख केलं होतं, आणि आकारच दिला नव्हता. महिपतनं पट्टी फॉर्मवर ठेवली तर टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका उमटला. नेमके पांडुरंगराव खोलीत होते. महिपतनं त्यांच्या देखत पडद्याला नाक लावलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि कुसुमबाईंना म्हणाला, "बाईची पट्टी तुमच्या चष्म्यातून दिसून राह्यली का? मले तर नाई दिसून राह्यली."

पांडुरंगराव पोट धरून हसले. कुसुमबाईसुद्धा हसल्या आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या. चंद्रभागा हसली नाही, रागावलेलीही दिसली नाही. तिनं फ्लॉपी परत घेतली, आपल्या यंत्रावर घातली आणि पट्टीत एक नाव टाइप केलं. इंग्रजी अक्षरांत, जशी सोसायटीत सगळीच नावं टाकायचे: दौलत चंपत वाठोरे. ते नाव पट्टीत जेवढं बसलं तेवढी लांबी तिनं मोजली, दोन्ही बाजूंना श्वास घेण्यापुरती जागा सोडली, आणि तो आकडा डिफॉल्ट म्हणून लिहून टाकला. तीन शब्दांचं नाव नीट मावेल एवढी पट्टी. तिच्या लेखी त्याहून लांब नाव असायचं कारण नव्हतं.

यंत्रात जी नावं चाचणीला होती ती जवळपासच्या तेलुगू गावांची. तिकडं घराण्याचं नाव आधी येतं आणि माणसाचं शेवटी. ती सगळी पट्टीत ऐसपैस बसली. सीमेवरच्या मराठी गावांची नावं अजून यंत्रात नव्हती. तिथले लोक सोसायटीचं तोंड पाहतात ते कापूस वेचून झाल्यावरच.

महिपतनं पट्टी घेतली, फॉर्मवर ठेवली आणि ओढून दीडपट लांब केली.

चंद्रभागेला ते दुसऱ्या दिवशी दिसलं. पट्टी वजनाच्या चौकटीपर्यंत जाऊन भिडली होती आणि उजवीकडं नुसती रिकामी जागा पसरली होती. तिच्या डोळ्यांना ते सहन झालं नाही. महिपत जेवायला गेला तेव्हा तिनं त्याच्या फॉर्मवरची पट्टी आपल्या मापावर आणून ठेवली. सोमवारी ती पुन्हा लांब. हा रविवारी येऊन ओढतो हे तिला फाटकावरच्या डोमाजीनं सांगितलं. तिनं पुन्हा आखडली. पावसाळाभर हे चाललं. दोघंही एकमेकांच्या पाठीमागं पट्टी ओढत आणि आखडत राहिले आणि एकानंही दुसऱ्याला तोंडानं एक शब्द विचारला नाही. तिला वाटायचं, ज्यांच्या घरी अंगणापासून बांधापर्यंत सगळंच पसरून ठेवायची सवय, त्यांना नावसुद्धा पसरूनच लागतं. त्याला काय वाटायचं ते त्यानं कुसुमबाईंना सांगितलं होतं: तिला काय सांगायचं, तिला गावचं काय कळतं. कुसुमबाईंनी तो निरोप पोचवला नाही. पोचवायसारखा नव्हताच.

पोळ्याच्या आधी एकदा त्यांनी दोघांना समोर बसवून पाहिलं. डब्यातली भाकर दोघांपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "एक पट्टी हाय, तिचा तुमी बांध करून ठेवला. बसा, बोला, अन् माझ्या डोक्याचा ताप कमी करा." महिपत म्हणाला की त्याला भूक नाही. चंद्रभागेनं भाकर खाल्ली आणि बोलली नाही.

त्यानंतरच तिनं ते केलं.

अशा भागाच्या कोडात माप लिहायच्या दोन जागा असतात. एक जागा अशी, की तिथं लिहिलेलं एकदाच लागू होतं, भाग फॉर्मवर पहिल्यांदा ठेवतात तेव्हा. पुढं मांडणारा त्याला ओढो, दाबो, त्याची मर्जी. डिफॉल्ट लिहायची खरी जागा ती. दुसरी जागा अशी, की फॉर्म जेवढ्या वेळा उघडेल तेवढ्या वेळा तिथलं लिहिलेलं पुन्हा चालतं. चंद्रभागेनं मापाची ओळ पहिल्या जागेवरून उचलली आणि दुसऱ्या जागेवर नेऊन ठेवली. आता महिपतनं पट्टी कितीही ओढली तरी फॉर्म उघडला की ती आपल्या मापावर येणार होती, दौलत चंपत वाठोरे एवढी. चूक होती हे तिला माहीत होतं. पुस्तकात ठळक अक्षरांत तसं करू नये म्हणून लिहिलेलं होतं. तिनं कोडाची फ्लॉपी डब्याच्या पिशवीत टाकली, आणि महिपतला दिली ती तयार पट्टी, जिच्या आतलं कोड वाचता येत नाही.

पुढचे काही आठवडे तिनं पाठ वळवून बसल्या बसल्या मजेत काढले. मागं महिपत ओढायचा, साठवायचा, चालवायचा, आणि पट्टी आखडायची. तो यंत्राला शिव्या द्यायचा. त्यानं दोनदा सगळं सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. हैदराबादला फोन लावून यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाशी हिंदीत भांडला. तीन हात अंतरावर बसलेल्या बाईला मात्र विचारलं नाही. आणि दिवाळीच्या आधी पांडुरंगरावांनी सगळं ठीक आहे का असं विचारलं, तेव्हा ठीक आहे असं तोच म्हणाला. नाही म्हणणं म्हणजे जागा सोडणं होतं. तिनंही मान हलवली.

मोसमाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा फाटकापासून इचोड्याच्या रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मध्येच एखादा ट्रक. हवेत कापसाची तूस उडत होती. फाटकाच्या खोलीत कुसुमबाई यंत्रावर बसल्या होत्या. आलेल्याचं नाव त्या टाकायच्या, पडद्यावर पिवळी पट्टी उमटायची, पाळी आली की डोमाजी पट्टीवरचं नाव वाचून भोंग्यातून हाक मारायचा. तेलुगू गावांच्या गाड्या सकाळच्या प्रहरी सुरळीत गेल्या. पांडुरंगराव दोनदा येऊन पाहून गेले आणि दोन्ही वेळा समाधानानं गेले.

मग पैनगंगेकाठची गावं लागली.

त्या गावांत एक जुनी रीत आहे. एका नावाची माणसं फार. आज्याचं नाव नातवाला, चुलत्याचं पुतण्याला, घराणं एकच, त्यामुळं तिन्ही शब्द जुळणारी दोन-दोन माणसं एका गल्लीत सापडतात. म्हणून गाव शेवटी चौथा शब्द लावतं, विहिरीवाले, चिंचेवाले, मळ्यातले, आणि कचेरीत नाव सांगतानाही माणूस तो शब्द सांगितल्याशिवाय थांबत नाही. कुसुमबाईंनी तो टाकला होता. प्रत्येक नावाला टाकला होता. यंत्राच्या पोटात तो होता. पट्टीत मात्र तीनच शब्द दिसत होते, आणि चौथा शब्द पट्टीच्या उजव्या काठाशी कापला गेला होता.

डोमाजीनं हाक मारली, "नागोराव मारोती ढगे."

दोन जण निघाले. एक विहिरीवाले, बैलगाडी घेऊन. दुसरे चिंचेवाले, ट्रॅक्टर घेऊन. दोघे भाऊबंद, आणि बांधावरून कोर्टात गेलेले. दोघांनाही आपलीच पाळी वाटली आणि दोघांनाही वाटलं की दुसरा मुद्दाम आडवा येतोय. डोमाजीनं पुन्हा तेच तीन शब्द पुकारले, त्यानं दोघांचाही हक्क आणखी पक्का झाला. फाटक एका गाडीपुरतं. ट्रॅक्टरवाल्यानं पुढं घातला, गाडीवाल्यानं बैल वळवला नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागानं बैलाचं शिंग मुळापासून मोडलं. बैल उधळला, गाडी कलंडली, पांढऱ्या कापसावर रक्ताची चिळकांडी उडाली, आणि मग दोन्हीकडची माणसं काठ्या आणि पराण्या घेऊन एकमेकांवर धावली. तिघांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत फाटक बंद राहिलं. रस्त्यावरचे लोक सोसायटीच्या नावानं बोटं मोडत राहिले.

दुपारी थंड हवेच्या खोलीत पांडुरंगराव चपला न काढताच आले. मागं कुसुमबाई आल्या, कपाळाला हात लावून.

"नाव पुरं काऊन दिसून नाई राह्यलं?" पांडुरंगरावांनी विचारलं.

कुसुमबाई म्हणाल्या की मी पुरं टाकलं होतं, विहिरीवाले, चिंचेवाले, सगळं. आत आहे, बाहेर दिसत नाही.

महिपत उभा राहिला. "साहेब, मी पट्टी लांब करून ठेवतो. ते आपोआप आखडते. बाईच्या कोडात काईतरी बिघाड हाय."

चंद्रभागेला तिथं गप्प बसता आलं असतं. नवं यंत्र, नवी भाषा, कुणाला काय कळतंय, असं म्हटलं असतं तर पांडुरंगरावांनी ते मानलंही असतं. पण बिघाड हा शब्द तिला सोसला नाही. कुणी तिला दुष्ट म्हणावं, ते तिला चाललं असतं. ओळ चुकून भलत्या जागी पडली, एवढी ती गबाळी आहे, हे चाललं नसतं.

"बिघाड नाई," ती म्हणाली. "मीच बांधून ठेवली. हा मले न इचारता वढत होता म्हणून बांधली."

महिपतचं तोंड लाल झालं.

"मी कायले वढत होतो, हे इचारलं का कदी?"

"तुमी सांगतलं का?"

"तुमाले काय सांगा लागते? आमच्या गावात नागोराव मारोती ढगे दोन हायेत, हे शेंबडं पोरगं सांगते. तुमचा आजा त्याच गावचा. त्याले इचारलं असतं त त्यानं सांगतलं असतं, चवथा शब्द कायले लागते."

"माझ्या आज्यालेबी गावानं चवथा शब्द लावला होता," चंद्रभागा म्हणाली. "साहेबाले तो सांगा. तुमाले तोंडपाठ असंन."

महिपतनं तिच्याकडं पाहिलं. त्याला तो शब्द माहीत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कुसुमबाईंनी त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली.

"ढोरवाट्या," तो म्हणाला.

पांडुरंगराव खाली बघूनच म्हणाले की जुन्या गोष्टी कशाला काढता, आता पट्टी लांब करा, लोक रस्त्यावर उभे आहेत.

चंद्रभागा खुर्चीवर बसली. डब्याच्या पिशवीतून फ्लॉपी काढली आणि कोड उघडलं. तिच्या पाठीमागं उभं राहून महिपतला ते पहिल्यांदाच दिसलं. तिनं ती ओळ दुसऱ्या जागेवरून काढली आणि पहिल्या जागेवर, जिथं ती असायला हवी होती तिथं, ठेवली. एकच ओळ. आकडा बदलला नाही. पट्टी नव्यानं तयार करून तिनं ती महिपतच्या यंत्रावर टाकली, फ्लॉपी काढून पिशवीत ठेवली आणि उठली.

"आता वढा किती वढायची ते," ती म्हणाली. "माप मी बदलणार नाई."

महिपतनं दुपारीच सगळ्या फॉर्मवरच्या पट्ट्या ओढून लांब केल्या. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर चारी शब्द दिसू लागले आणि गाड्या नीट आत येऊ लागल्या. कायम जागेसाठी महिपतचं नाव वर गेलं. ठीक आहे असं खोटं त्यानंही सांगितलं होतं, हे कुसुमबाईंनी पांडुरंगरावांच्या कानावर घालून पाहिलं. पांडुरंगराव म्हणाले की त्यानं मुद्दाम तर केलं नाही ना. जागा गेल्याचं चंद्रभागेला तोंडावर सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. त्यांनी शिपायाकडून निरोप धाडला. शिपाई तोच, कान तुटलेल्या कपाचा. तो निरोप सांगताना जरा जास्तच सरळ उभा राहिला.

दौलत मास्तरांना तिनं घरी जाऊन सगळं सांगितलं, महिपतनं उच्चारलेल्या शब्दासकट. मास्तर खाटेवर पडून होते, त्यांना आता ऐकूही कमी यायचं. त्यांनी विचारलं की बैलाचं काय झालं. जगला, पण आता जुंपायच्या कामाचा नाही, असं ती म्हणाली. तुझं चुकलं असं ते म्हणाले नाहीत, आणि बरोबर केलंस असंही म्हणाले नाहीत. चंद्रभागेला त्यांच्याकडून यांतलं एक तरी हवं होतं. त्या घरात तिला लागलेला घाव तेवढा एकच.

मोसम संपायची तिनं वाट पाहिली नाही. १९९९च्या सुरुवातीला नोकरी सोडली आणि इचोड्याला, ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. खाली दिवसभर हातोडे वाजायचे. मुली तिला भ्यायच्या. घडवलेल्या भागाचा धडा आला की ती फळ्यावर दोन चौकोन काढायची, पहिल्यांदा ठेवतानाचा आणि दर वेळी उघडतानाचा. माप पहिल्यातच लिहायचं, दुसऱ्यात लिहिलं तर वही फाडून टाकीन, असं बजावायची. हीच एक गोष्ट ती इतक्या तावातावानं का सांगते, हे कुणी विचारलं नाही. तिला काही विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतर आदिलाबादच्या बसस्टँडवर तिला कुसुमबाई भेटल्या. त्या आता निवृत्तीला आल्या होत्या. बसायला जागा नव्हती, दोघी उभ्याच बोलल्या. सोसायटीत नवे फॉर्म निघत होते, खताचे, बियाण्यांचे, वाहतुकीचे. प्रत्येकावर नावाची पट्टी लागायचीच, आणि तिचं कोड महिपतकडं नव्हतं, नुसती तयार पट्टी होती. तो ती नव्या फॉर्मवर ठेवायचा. ती दर वेळी आधी तीन शब्दांएवढी उमटायची. मग तो माउसनं तिचा काठ धरून ओढायचा आणि आपल्या गावाएवढी करायचा. फॉर्म शेकड्यानं, काटा, सरकीघर, गोदाम, सगळीकडं हेच.

"दर पट्टीले तुले एक शिवी हासडते," कुसुमबाई म्हणाल्या. "मी मोजणं सोडून देलं."

चंद्रभागेनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. फ्लॉपी तिच्यातच होती की घरी, ते कुसुमबाईंना कळलं नाही.

"देऊन टाक ना बाई ते कोड. तुले आता काय करायचं हाय त्याचं?"

"त्यानं मागतलं का?"

"मनात हाय त्याच्या. तोंडानं नाई मागत."

मावल्याची बस लागली. लोक दाराशी लोटले. चंद्रभागा कोपरानं वाट काढत पायरीवर चढली.

"समज, तोंडानं मागतलं," कुसुमबाई खालून म्हणाल्या. "मंग देशीन?"

"नाई," चंद्रभागा म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली.